अद्भुताचा छंद

“या राक्षस-जादूगारांच्या गोष्टी वाचून पोट भरणार आहे काय?” हा प्रश्न आमच्या सिल्वासातील बहुतेक वाचनवेड्या मुलांनी ऐकलेला असेल. मला तो अन्यायाचा वाटतो. मराठी कादंबरीने आपली सुरुवातीची बरीच पावले याच वाटेवर टाकली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची १८६१ मधील ‘मुक्तामाला’ अद्भुतरम्यच होती. आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने तर कित्येकांची झोप उडविली. (माझीही उडविली, दुसऱ्या दिवशीचा बीजगणिताचा पेपर कसा गेला, ते येथे सांगत नाही.)

दोष माझ्याकडेही आहे. पहिल्या वाचनात मी वर्णने गाळून अधाशासारखा ‘पुढे काय झाले’ एवढेच शोधतो. परंतु रहस्य एकदा कळले, की तेच पुस्तक पुन्हा हाती घ्यावे. मग गाळलेली पाने बोलू लागतात. पूर्वी रानाचे वर्णन लिहिताना माझे ‘घनदाट’ या एकाच शब्दावर भागत असे. गेल्या पावसाळ्यात दमणगंगेच्या काठची झाडी पाहताना ‘गर्द’, ‘निबिड’ हे शब्द आपण होऊन ओठांवर आले. ते तयार निबंधांच्या पुस्तकातील खचित नव्हते.

तेव्हा वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच, की पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वी मुलाला विचारावे, “हे कितव्यांदा वाचतो आहेस?”