गुरुजी कोणाच्या घरातून येणार?

प्राथमिक शाळांतले शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत. नांगर धरणाऱ्या, वाकस चालवणाऱ्या वर्गांतून शिक्षक तयार करा, ते लोकांत मिसळून राहतील, अशी मागणी जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात केली होती. स्वतंत्र भारतातील शिक्षक-प्रशिक्षणाची धोरणे आम्ही याच कसोटीवर घासतो.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे प्रशिक्षण विद्यापीठांच्या प्रवाहात आणा म्हटले. १९८६ च्या धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यांत 'डाएट' निघाल्या. १९९३ च्या कायद्याने मान्यतेचे अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे गेले. कागदावर सगळे चोख! प्रत्यक्षात महाराष्ट्रात शिक्षणसम्राटांनी डी.एड.ची दुकाने थाटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि न्या. वर्मा आयोगाने २०१२ मध्ये सांगितले की, देशातील अशा सुमारे ९० टक्के संस्था खासगी आहेत.

तरीही बारावीनंतरचे दोन वर्षांचे डी.एड. ही आमच्या वस्तीतल्या पोरींसाठी नोकरीची सर्वांत जवळची वाट होती. त्या वाटेवर २००० साली 'शिक्षणसेवक' उभा केला: तीन वर्षे, महिना ३,००० रुपये. पिढ्यान्‌पिढ्या सेवाच केलेल्यांना पुन्हा सेवक म्हणताना सरकारला काही वाटले नाही. २०२३ साली हे मानधन ६,००० वरून १६,००० झाले. तोवर भरतीअभावी कित्येक डी.एड. विद्यालयांना कुलपे लागली होती.

आता २०२० चे धोरण म्हणते, २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता. दर्जा वाढवण्याला आमचा विरोध नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आमचीच मुले बसतात, कच्च्या मास्तराचा फटका त्यांनाच बसतो. पण दोनाची चार वर्षे झाली, तर शेतमजूर आईबापाने शहरातले खोलीभाडे कुठून भरायचे? शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंत वर्ष सरते, हे कोणत्याही वसतिगृहात जाऊन विचारावे.

ग्रामीण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आणि नंतर त्याच भागात नोकरीत प्राधान्य, असेही धोरणात लिहिले आहे. मात्र ती शिष्यवृत्ती 'गुणवत्तेवर'! ही गुणवत्ता कोण मोजणार, हे आम्हाला नव्याने शिकवू नये. प्रत्येक जिल्ह्यात हा अभ्यासक्रम सरकारी महाविद्यालयात, सरकारी फीमध्ये सुरू करा. शेजारी मुलींचे वसतिगृह बांधा. राखीव जागा भरल्या की नाही, याचा आकडा दरवर्षी छापा.