संगीत नाटक आणि मुकीं महाविद्यालयें

संगीत नाटक हा कला महाविद्यालयांतील अभ्यासाचा स्वतंत्र विषय व्हावा, असें कोणी एखाद्या अभ्यासमंडळाच्या सभेंत सुचविलें तर काय होईल, हें सांगण्यास ज्योतिषी नको. अर्थशास्त्राचे प्राध्यापक घड्याळाकडे पाहतील, मराठीचे प्राध्यापक 'नाटक आम्ही शिकवितोंच' असें म्हणतील, आणि अध्यक्षमहाराज तो विषय स्नेहसंमेलनाच्या समितीकडे सोपवून पुढील बाब पुकारतील. ज्या महाराष्ट्रानें अर्धें शतक रात्र रात्र जागून संगीत नाटकें ऐकलीं, त्याच्या विद्यामंदिरांत त्या कलेची ही किंमत! ही उपेक्षा निव्वळ आळसाची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. तिच्या बुडाशीं कांहीं समजुती आहेत, आणि त्या एकेक करून तपासणें आतां अवश्य झालें आहे.

पहिली समजूत, नाटक आम्ही शिकवितोंच, ही. काय शिकवितात तें पाहूं. 'संगीत सौभद्र' किंवा 'संगीत शारदा' पाठ्यपुस्तक म्हणून लागतें. कथानक, स्वभावचित्रण, विनोद, भाषाशैली अशा ठराविक मथळ्यांखालीं टिपणें दिलीं जातात. पद आलें कीं प्राध्यापक त्याचा अन्वय लावतात, अर्थ सांगतात, आणि पान उलटतात. पदाच्या माथ्यावर छापलेली चाल कोणी वाचीत नाहीं. वाचली तरी ती कोणाच्या कानांत वाजत नाहीं. नकाशा पाहून पंढरीची वारी घडल्याचें समाधान मानण्याचाच हा प्रकार आहे.

वस्तुतः पद हें नाटकाचें कार्य करीत असतें. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हां गाण्याचा बहुतेक भार सूत्रधारावर होता. पात्रें हावभाव करीत व आयत्या वेळीं सुचेल तें बोलत. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला, त्यांत गाणें खुद्द पात्राच्या मुखीं आलें. हा फरक दिसावयास लहान, पण त्यानें सगळें नाटक पालटलें. सूत्रधार गात होता तोंपर्यंत गाणें हें कथा पुढें नेण्याचें साधन होतें. पात्र गाऊं लागलें तेव्हां तें मन उघडें करण्याचें साधन झालें. जें गद्यांत बोलण्याची सुभद्रेला चोरी, तें ती पदांत बोलूं शकते. आतां कोणतें मनोगत साकींत घालावें, कोणतें दिंडींत घालावें, आणि कोणत्या क्षणीं रागाच्या विस्ताराला वाव द्यावा, हा विचार नाटककाराचा कीं गवयाचा? तो दोघांचाही आहे, आणि म्हणूनच आमच्या महाविद्यालयांत तो कोणाचाच नाहीं.

पुढील इतिहासही हेंच सांगतो. १९११ सालच्या 'मानापमाना'साठीं गोविंदराव टेंब्यांनीं ठुमरीच्या वळणाच्या चाली आणल्या. १९१६ सालच्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालाच्या बंदिशींचा आधार दिला. गाणें वाढलें, रंगलें, आणि हळूहळू नाटकाच्या डोक्यावर बसलें. 'वन्समोअर'च्या आरोळ्यांनीं प्रयोग लांबत गेले. प्रेक्षक बालगंधर्वांचें गाणें घेऊन घरीं गेले आणि खाडिलकरांचें नाटक नाट्यगृहांतच राहिलें. आम्ही संगीत नाटकाचे भाट नाहीं. त्याचे दोषही दाखवावे, असेंच आमचें मत आहे. पण ते दाखविण्यास कान हवेत. 'एकच प्याला' हें १९१९ सालचें नाटक वर्षानुवर्षें गडकऱ्यांची कृति म्हणून शिकविलें जातें. त्यांतील पदें गडकऱ्यांचीं नसून विठ्ठल सीताराम गुर्जर यांचीं आहेत, ही गोष्ट किती वर्गांत सांगितली जाते? संसाराची धूळधाण होत असतां दुसऱ्या हातानें रचलेलीं तीं पदें दुःखाला कोठें खोल करतात आणि कोठें नुसतें गोड करून टाकतात, हा प्रश्न विचारल्यावांचून त्या नाटकाची परीक्षा पुरी होत नाहीं. पदें सोडून देणाऱ्या वर्गांत तो प्रश्न उद्भवतच नाहीं.

दुसरी समजूत अशी कीं, ही कला मेली. मेलेल्याचा शोध इतिहासकारानें करावा, विद्यार्थ्याला त्याचें काय? संगीत नाटकाच्या मृत्यूची वार्ता मराठी बोलपट जन्मल्यापासून, म्हणजे १९३२ सालापासून, अधूनमधून येतच आहे. त्या वार्तेनंतर १९४२ सालीं रांगणेकरांचें 'कुलवधू' आलें, १९६० सालीं विद्याधर गोखल्यांचें 'पंडितराज जगन्नाथ' आलें, १९६७ सालीं दारव्हेकरांचें 'कट्यार काळजात घुसली' आलें. आणि १९७२ सालच्या 'घाशीराम कोतवाल'नें तर गाणें व नाच यांच्याच बळावर राज्यसत्तेचें सोंग उघडें पाडलें. गोव्यांत आजही देवळाच्या जत्रेला गांवकरी स्वतः संगीत नाटक उभें करतात. महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेंत संगीत नाटकाचा स्वतंत्र विभाग आहे. हीं चिन्हें प्रेताचीं नव्हेत. आणि वादापुरतें मानलें कीं कला मेली, तरी कालिदासाची रंगभूमि नष्ट होऊन कित्येक शतकें लोटलीं, शेक्सपिअरचें नाटकगृह केव्हांच जमीनदोस्त झालें. त्यांना ज्या पंक्तीला बसवितां, त्या पंक्तींत किर्लोस्करांचें पान कां मांडलें जात नाहीं?

तिसरा आक्षेप पोटाचा. तो आम्हांस हंसण्यावारी न्यावासा वाटत नाहीं. आसनगांवाहून लोकल धरून कल्याण-ठाण्यास मिळेल तें काम करणारा, आणि उरल्या वेळांत वर्गांत येऊन बसणारा शेतकऱ्याचा मुलगा पोटाची चिंता करील तर त्यांत नवल तें काय? परंतु हा प्रश्न विचारावयाचा तर सर्वच विषयांना विचारा. इतिहास, तत्त्वज्ञान किंवा राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या मुलास जी नोकरी मिळते, ती संगीत नाटक शिकल्यानें हुकणार नाहीं. कारण कला महाविद्यालय देतें ती जाण, एखाद्या धंद्याचें कसब नव्हे. अमेरिकेंतील संगीत नाटकांचे थोर रचनाकार स्टीफन साँडहाइम विल्यम्स या आडगांवच्या लहानशा महाविद्यालयांत संगीत शिकून १९५० सालीं पदवीधर झाले. लिन-मॅन्युएल मिरांडा यांनीं 'इन द हाइट्स' या आपल्या नाटकाचा पहिला खर्डा वेस्लियन येथें विद्यार्थी असतांनाच लिहिला. या संस्थांनीं गवई घडविण्याचा कारखाना काढला नव्हता. भाषा, इतिहास व गणित यांच्या शेजारीं संगीत आणि नाट्य यांना बसूं दिलें, इतकेंच.

पण परदेशाकडे तरी कशाला पाहावें? खाडिलकर महाविद्यालयाचे पदवीधर. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पदवीधर आणि वकील. हिंदुस्थानी संगीताची शास्त्रशुद्ध मांडणी करणारे भातखंडे एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर, पेशानें तेही वकीलच. महाविद्यालयानें या मंडळींना शब्द दिला, विचार दिला. सूर मात्र त्यांना दाराबाहेरून मिळवावा लागला. शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावरही त्या दाराची कडी तशीच लागलेली असावी काय?

चौथा आक्षेप या सर्वांहून वजनदार आहे, आणि तो आमच्या परिसरांतच उठतो. सापगांव हें शहापुराजवळ भातसा नदीच्या कांठीं वसलेलें गांव. येथून, तसेंच डोळखांब, किन्हवली, सरळगांव, धसई अशा गांवांतून आणि त्यांच्या भोंवतालच्या पाड्यांतून शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महाविद्यालयांत मुलें येतात. त्यांत कुणबी आहेत, आगरी आहेत, ठाकूर, वारली, कातकरी आहेत. आक्षेपक म्हणतो : संगीत नाटक हा पुण्यामुंबईच्या उच्चवर्णीयांचा शौक, शालू नेसलेल्या पुरुष-नायिकांचें तें कौतुक या मुलांच्या माथीं कां मारतां?

यांतील अर्धें खरें आहे, आणि तें अर्धें वर्गांत स्पष्ट शिकविलें पाहिजे. त्या नाट्यगृहांत पुढच्या खुर्च्यांवर कोण बसे, कोणाचीं सुखदुःखें रंगमंचावर येत व कोणाचीं येत नसत, स्त्रियांना तो मंच किती दशकें बंद होता, हें झांकून ठेवण्यांत कलेचें हित नाहीं. परंतु संगीत नाटक किर्लोस्करांपाशीं सुरू करून बालगंधर्वांपाशीं संपविलें, तरच हा आक्षेप पुरा खरा ठरतो. आणि तशी व्याख्या करणें ही आम्हां प्राध्यापकांची कोती दृष्टि होय. तमाशांतील वग म्हणजे काय? सत्यशोधकांचे जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठ्यांचीं लोकनाट्यें यांत शब्द, सूर आणि अभिनय एकत्र येऊन समाजाला जाब विचारीत नाहींत काय? किर्लोस्करांची साकी-दिंडी तरी कीर्तनाच्या परिचयाचीच. ललितकलादर्श मंडळी काढणारे केशवराव भोसले हे कोल्हापूरचे, अगदीं लहानपणींच नाटकमंडळींत शिरलेले. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त 'मानापमान' झालें तेव्हां धैर्यधराच्या भूमिकेंत ते बालगंधर्वांच्या भामिनीसमोर उभे राहिले. संगीत नाटकाचें घर आम्ही समजतों त्याहून मोठें आहे, आणि त्याला अनेक दारें आहेत.

शिवाय कान कोणाजवळ आहे? भाव्यांच्या खेळाच्या आरंभीं गणपति व सरस्वती येत, हें आम्ही फळ्यावर लिहून देतों आणि शहरचा विद्यार्थी तें पाठ करतो. शहापूरच्या उत्तरेस मोखाडा-जव्हारकडे होणाऱ्या बोहाड्यांत रात्रीच्या आरंभीं गणपति आणि सारजा यांचीं सोंगें नाचत येतात. ज्यानें तें पाहिलें आहे, त्या मुलास १८४३ सालचा सांगलीचा खेळ समजावून सांगावा लागत नाहीं. उलट त्यानेंच आम्हांस चार गोष्टी सांगाव्या. मुरबाड तालुक्यांत म्हशाच्या जत्रेला त्यानें तमाशाचा फड पाहिलेला असतो. गांवच्या भजनी मंडळांत त्यानें पेटीवर बोटें फिरविलेलीं असतात, पखवाजाच्या ठेक्यावर टाळ धरलेला असतो. कोणता अभंग कोणत्या वेळीं व कोणत्या चालीवर घ्यावा, हें त्याला कळतें. महाविद्यालयाच्या पायरीवर आपण त्याला हें सगळें पायताणाबरोबर बाहेर काढून ठेवावयास लावतों, आणि मग त्याला अभिरुचि नाहीं अशी तक्रार करतों!

'शारदा' हें १८९९ सालचें नाटक घ्या. १९२९ सालच्या सारडा कायद्याला या नाटकावरून नांव पडलें, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. वस्तुतः तें हरविलास सारडा यांचें नांव. असो. जरठाशीं लग्न ठरलेल्या मुलीची ती कथा शहरी वर्गाला इतिहास वाटते. आमच्या वर्गांतील पाड्यांवरून येणाऱ्या कित्येक मुलींना कोंवळ्या वयांत लागणारें लग्न ही शेजारच्या घरची गोष्ट आहे. या मुलींनीं शारदेच्या पदांचा नुसता अन्वय लावावा कीं तीं गाऊन पाहावीं? गाऊं लागलें म्हणजे श्वास कोठें घ्यावा, कोणत्या शब्दावर रेंगाळावें, कोठें आवाज दाबावा, हें ठरवावें लागतें. आणि तें ठरवितांना शारदा काय सोसते आहे याचा विचार टाळतां येत नाहीं. टिपणांतून हा विचार येत नाहीं, हें आम्ही तीस वर्षांच्या अध्यापनानंतर म्हणतों.

आमची मागणी मोठी नाहीं. एका वर्षीं एकच नाटक घ्यावें, पण तें पदांसकट ऐकावें, वाचावें आणि त्याचा एक अंक पेटी-तबल्यावर उभा करावा. दुसऱ्या वर्षीं ओवी, साकी, दिंडी, लावणी यांपासून रागदारीपर्यंत चाली कशा प्रवास करीत आल्या, हें शिकावें. तिसऱ्या वर्षीं विद्यार्थ्यांनीं आपल्या गांवचें भजन, तमाशा, सोंगें यांची ध्वनिमुद्रित नोंद करून त्यांवर प्रबंध लिहावा. मुंबई व पुणें विद्यापीठांत नाट्याचे स्वतंत्र विभाग आहेत; त्यांचें काम नट व दिग्दर्शक घडविण्याचें आहे आणि तें त्यांनीं करावें. साध्या महाविद्यालयाचें काम जाणता श्रोता घडविण्याचें आहे.

यासाठीं सोयही आयती झाली आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें विद्याशाखांमधील भिंती पाडण्याचें वचन दिलें आहे. खुल्या वैकल्पिक विषयाचे आणि भारतीय ज्ञानप्रणालीचे श्रेयांक पदवीच्या अभ्यासांत आले आहेत. त्या श्रेयांकांवर घाईनें जुळविलेलीं टिपणें वाचून दाखवावयाचीं, आणि गांवांत जिवंत असलेली ज्ञानप्रणाली वेशीबाहेर ठेवावयाची, हा कोठला न्याय? शिक्षक कोठून आणावा, असें विचारतील, तर विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही योजना काढून पदवी नसलेल्या अनुभवी माणसास अध्यापनाचें दार उघडलें आहे. त्या दारानें कारखान्याचा व्यवस्थापक येऊं शकतो, तर चाळीस वर्षें पेटी वाजविलेले भजनी बुवा कां येऊं नयेत?

आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच. शब्द मराठीच्या विभागांत, सूर गायनाच्या खाजगी वर्गांत आणि अभिनय स्नेहसंमेलनांत, अशी संगीत नाटकाची तीन ठिकाणीं वांटणी करून आपण त्याला बेवारस केलें आहे. तिन्हींची भेट होऊं शकेल असें ठिकाण कला महाविद्यालय हेंच आहे, आणि शहापूर-मुरबाडकडच्या महाविद्यालयांत तर सूर घेऊन येणारीं मुलें बांकांवर बसलेलीं आहेत. ती भेट घडूं द्यावयाची नसेल, तर मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवावर दहा गुणांचा प्रश्न घालण्याचा अधिकारही आम्हां प्राध्यापकांस उरत नाहीं.