‘शेतकरी बंधूंनो’... आणि आम्ही?

मैत्रिणींनो, रेडिओ म्हटलं की आपल्याला आधी गाणी आठवतात. विविध भारती, छायागीत, फर्माइशीत आपल्या गावाचं नाव ऐकून होणारा आनंद. पण रेडिओवर बोलणंही पुष्कळ असतं, आणि घरातल्या बाईच्या दृष्टीनं मला तेच जास्त कामाचं वाटतं. टीव्हीपुढं बसावं लागतं, पेपर हातात धरावा लागतो. रेडिओला नुसते कान दिले की झालं. हात कणकेत असोत नाहीतर कापसाच्या बोंडात.

परवा ठरवून एक दिवस गाणी बाजूला ठेवली आणि आकाशवाणीवर जे जे बोललं जातं तेवढंच ऐकलं. सकाळच्या बातम्या, भाषणं, मुलाखती, आरोग्याचा सल्ला, शेतीचा कार्यक्रम, पुन्हा बातम्या. भाषा स्वच्छ, आरडाओरडा नाही, चार माणसं एकाच वेळी भांडत नाहीत. टीव्हीवरच्या चर्चा ऐकून कान किटलेल्या माणसाला एवढंही पुष्कळ. पण दिवसभर एक गोष्ट मनात टोचत राहिली. शेतीवर कुणी बोलू लागलं की सुरुवात ‘शेतकरी बंधूंनो’ अशीच. खुरपणी कोण करतं? कापूस कोण वेचतं? बी टोचायला वाकतं कोण? आणि बायकांसाठी जे होतं, त्यात पाककृती अन् त्वचेची काळजी. पाककृतीला माझी ना नाही हो, मीही त्या उतरवून घेतल्यात. पण बाईचं सगळं जगणं तेवढ्यात मावतं का?

पूर्वी सगळं छान होतं असंही मी म्हणणार नाही. तरी काही गोष्टी खरंच चांगल्या होत्या. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’मधल्या मीनावहिनी आणि टेकाडे भावजींनी घरातलेच विषय घेतले, पण त्यातून समाजाबद्दल बोललं जायचं. पुणे केंद्रावर सुधा नरवणे बातम्या द्यायच्या, तेव्हा बाईच्या तोंडून देशाचा कारभार ऐकायची घराला सवय लागली.

आणखी एक गोष्ट आपल्या राज्यातच घडलीय, ती फार कमी जणींना ठाऊक असते. 1956 साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावातल्या लोकांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग आपसांत चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. केंद्र पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं द्यायचं. म्हणजे ऐकणाऱ्यालाही तोंड होतं! प्रयोग इतका जमला की 1959 पासून तो देशात इतरत्र नेला गेला. आज आपल्या जिल्ह्यात गावोगावी बचत गट आहेत. महिन्याची बैठक होते, हप्ते गोळा होतात, सह्या होतात. त्याच बैठकीत अर्धा तास रेडिओ लावायला काय हरकत आहे?

आता मुख्य मुद्दा. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं 2019 मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. 82,309 पैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा वाचला तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, अशी भीती घातल्याचं अनेकींनी सांगितलं. गर्भाशय केव्हा काढावंच लागतं, केव्हा औषधानं भागतं, दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा आपल्याला हक्क आहे, हे एखाद्या डॉक्टरबाईनं रेडिओवरून साध्या भाषेत, आठवड्यामागून आठवडा सांगितलं, तर वाचता न येणाऱ्या बाईपर्यंतही ते पोचेल. एकदा सांगून भागत नाही. भीती रोज घातली जाते, तर माहितीही रोज द्यायला हवी.

इथं एक अडचण आहे. बीडला आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र आहे, ही आपली मोठीच सोय. पण दिवाळीच्या आगेमागे उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाजवळच्या कोपीत बीडचं एफएम कसं लागणार? मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप आहे, पण मोबाइल बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात आणि नेट मुलाच्या खेळात संपलेलं. म्हणून गळीत हंगामात तरी ऊसतोड बायकांसाठी एक कार्यक्रम राज्यातल्या सगळ्या केंद्रांवरून एकाच वेळी लागला पाहिजे. एरवी मी स्थानिक केंद्रांच्या बाजूची आहे. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करायचा निर्णय झाला, लोक संतापले आणि तो थांबवावा लागला. ते बरंच झालं. आपल्या मुलखाची बातमी आपल्याच मुलखातून यावी. पण इथं माणसंच मुलूख सोडून जातात, तर आवाजानंही त्यांच्यामागं जायला हवं.

हे आपल्याला जमणारं नाही असं कुणी म्हणू नये. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, 2008 पासून ‘माणदेशी तरंग’ हा सामुदायिक रेडिओ आहे. त्याच वर्षी तेलंगणात पस्तापूरला दलित शेतकरी बायकांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. पस्तापूर काही पुण्या-मुंबईसारखं शहर नाही, आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख. ज्वारी-बाजरीचं बियाणं कसं जपायचं हे तिथं बायकाच बायकांना सांगतात, त्यांच्या रोजच्या बोलीत. त्यांना कुणी ‘बंधूंनो’ म्हणत नाही.

आपला रेडिओ निघेल तेव्हा निघेल. तोवर बीड केंद्राला पत्र तर लिहिता येईल? पंधरा पैशांच्या कार्डाचे दिवस गेले, पण पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत मिळतं. आमच्या गटानं पुढच्या बैठकीत पाच प्रश्न काढायचं ठरवलंय. पहिला ठरलाय: पिशवी काढल्यावर किती दिवस मोळी उचलायची नसते? दुसरा एका मावशींचा आहे: कोयता नवरा-बायको दोघांचा, मग उचल एकट्या नवऱ्याच्याच हातात का? तुमच्या गटाचे प्रश्न काय आहेत, ते तुम्हीही बसून काढा आणि केंद्राला कळवा.