ओल लागली, पाणी नाही: अंदमानचा गॅस आणि कारंज्यातला छोटा गुंतवणूकदार

दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळा सोडून त्याला सात-आठ वर्षं झाली, आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. सलाम-दुआ झाली, चहा झाला, मग त्यानं मोबाइल पुढे केला. टेलिग्रामवर आलेला मेसेज होता. "सर, समंदर में गॅस मिल गया है. अब तो शेअर ऊपर ही जाएगा ना?"

विचारायची वेळ निघून गेली होती. वडिलांनी विकलेल्या सोयाबीनचे चाळीस हजार रुपये त्यानं आधीच एका तेल कंपनीच्या 'कॉल'मध्ये घातले होते. २८ ऑक्टोबरच्या मंगळवारी त्या कॉलची मुदत संपली आणि चाळीस हजारांचं शून्य झालं. घरी अजून सांगितलेलं नाही.

२०२५ च्या हंगामात सोयाबीन कसं विकलं गेलं, हे कारंज्याच्या मार्केट यार्डात उभं राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. हमीभाव होता ५,३२८ रुपये, आणि यार्डातला भाव त्याच्या खाली. वर अतिवृष्टीनं दाणा काळा पडलेला. त्या पैशातले चाळीस हजार म्हणजे काय, हे घरच्यांनाच ठाऊक. म्हणून हा विषय शेअर बाजारवाल्यांवर सोडून चालणार नाही, आपण सगळ्यांनी समजून घ्यायला हवा.

आधी बातमी नेमकी काय होती ते पाहू. २६ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी जाहीर केलं की अंदमानच्या समुद्रात ऑइल इंडियाच्या 'श्री विजयपुरम-२' या विहिरीत नैसर्गिक वायू आढळला. किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटर आत, २९५ मीटर पाण्याखाली ही विहीर आहे. नमुने जहाजानं काकीनाड्याला नेऊन तपासले, त्यात ८७ टक्के मिथेन निघाला. बातमी खरी आहे, आनंदाची आहे. पण साठा किती आणि तो काढणं परवडेल का, हे पुढच्या महिन्यांत तपासलं जाईल, असंही मंत्र्यांनी त्याच वेळी सांगितलं होतं. टेलिग्रामवर फिरताना हे दुसरं वाक्य गळून पडलं आणि त्याच्या जागी 'गयाना' आलं. याआधी जूनमध्ये मंत्र्यांनीच अंदमानची तुलना दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या प्रचंड साठ्याशी केली होती, ती मेसेजवाल्यांना आयती मिळाली.

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला इंजिनिअर लागत नाही. बोअर मारताना काय होतं? गाडी येते, आधी नुसती धूळ उडते, मग कुठेतरी ओली माती वर येते. बघणारे ओरडतात, 'लागलं, लागलं!' पण शेतकरी तेव्हा पेढे वाटत नाही. पाणी किती इंची आहे, मोटर किती वेळ चालेल, एप्रिलमध्ये टिकेल का, हे बघितल्याशिवाय तो फळबाग लावत नाही. अंदमानला आज ओल लागली आहे. पाणी किती, ते अजून ठरायचं आहे.

आणि समुद्रातलं बोअर आपल्या बोअरसारखं एका रात्रीत होत नाही. आधी ध्वनिलहरींनी तळाखालच्या खडकांचा नकाशा काढायचा, मग शोधविहीर खणायची. काही लागलं तर आजूबाजूला आणखी विहिरी खणून साठ्याचा अंदाज घ्यायचा. त्यानंतर विकासाचा आराखडा, सरकारची मंजुरी, फलाट, पाइपलाइन. खोल पाण्यातल्या एकेका विहिरीवर शेकडो कोटी रुपये जातात, आणि अनेक विहिरी कोरड्या निघतात.

इतिहास बघा. आपल्या मुंबईसमोरच्या 'मुंबई हाय'मध्ये १९७४ साली 'सागर सम्राट' जहाजानं तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरूही झालं. इतकं जलद काम क्वचितच होतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रिलायन्सला २००२ मध्ये गॅस सापडला, तो बाहेर यायला एप्रिल २००९ उजाडला. रोज ८ कोटी घनमीटरची तयारी केली होती. २०१० मध्ये आकडा सहा कोटींच्या आसपास पोचला आणि मग घसरतच गेला. २०२० च्या फेब्रुवारीत ते पहिलं क्षेत्र बंद झालं. कंपनीनं नंतर त्याच भागात नव्या विहिरी सुरू केल्या हे खरं, पण पहिल्या अंदाजाचं काय झालं ते सगळ्यांसमोर आहे.

त्याच खोऱ्यात ओएनजीसीनं एक क्षेत्र २००५ मध्ये हाती घेतलं. त्यातून तेलाचा पहिला थेंब आला ७ जानेवारी २०२४ ला. तोपर्यंत एकोणीस वर्षांचा काळ लोटला होता. २००५ मध्ये पाळण्यात असलेलं मूल तोपर्यंत बारावी होऊन गेलं.

आणखी एक उदाहरण. गुजरात सरकारच्या जीएसपीसी कंपनीला तिथेच 'दीनदयाळ' क्षेत्रात २० लाख कोटी घनफूट गॅस असल्याची घोषणा २००५ मध्ये झाली. पुढे तो अंदाज कितीतरी पटींनी फुगवलेला निघाला आणि कंपनी कर्जात बुडाली. २०१७ मध्ये त्यातला ८० टक्के हिस्सा ओएनजीसीनं सुमारे ७,७०० कोटी रुपयांना विकत घेतला. म्हणजे घोषणा एकानं केली आणि किंमत मोजली ओएनजीसीच्या भागधारकांनी.

यावर कोणी म्हणेल, मग तेल कंपनीचा शेअर घ्यायचाच नाही का? आमचं तसं म्हणणं नाही. ओएनजीसीचाच हिशेब करू. मार्च २००४ मध्ये सरकारनं आपला १० टक्के वाटा लोकांना विकला आणि सुमारे १०,५०० कोटी रुपये उभे केले. भाव होता ७५० रुपये. तेव्हाचा एक शेअर बोनस आणि विभाजनामुळे पुढे नऊ शेअरचा झाला. म्हणजे आजच्या हिशेबानं खरेदी पडली सुमारे ८३ रुपयांना. मार्च २०२० मध्ये, कोरोना आला तेव्हा, हा शेअर साठच्याही खाली होता. सोळा वर्षं धरून ठेवणाऱ्याचं मुद्दलही तेव्हा भावात दिसत नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो दोनशेच्या वर होता, आणि मधल्या काळात दरवर्षी लाभांश मिळत गेला तो वेगळा. ज्याला या पैशाची घाई नव्हती त्याचं बरं झालं. ज्याला २०२० मध्ये मुलीच्या निकाहसाठी किंवा आईच्या ऑपरेशनसाठी शेअर विकावा लागला, त्याचं नुकसान झालं. इथे कंपनी एकच, शेअरही एकच. फरक पडला तो पैसा किती दिवस अडकवून ठेवता आला यावर.

आता 'कॉल' म्हणजे काय ते पाहू. जमिनीच्या व्यवहारात आपण इसारचिठ्ठी करतो. अमुक भावाला अमुक तारखेपर्यंत घेईन, असं म्हणून थोडे पैसे देतो. तारखेला व्यवहार केला नाही तर इसार बुडतो. कॉल ऑप्शन हा शेअरचा इसार आहे. मुदत एक महिना, फार तर दोन-तीन. तेवढ्यात भाव तुम्ही धरलेल्या आकड्याच्या वर गेला नाही तर सगळा इसार बुडाला. समुद्रातून गॅस यायला लागतात दहा वर्षं, आणि आमच्या विद्यार्थ्यानं इसार दिला होता एका महिन्याचा! म्हणजे त्याचा पैसा गॅसवर लागलेलाच नव्हता, तो लागला होता गॅसच्या बातमीवर. आणि बातमीच्या बाबतीत कारंज्याचा माणूस नेहमी रांगेत शेवटी असतो. आपल्या मोबाइलवर मेसेज येतो तोपर्यंत मोठ्या खेळाडूंनी घ्यायचं ते घेतलेलं असतं आणि विकायला ते आपलीच वाट बघत असतात.

हे आम्ही रागानं बोलत नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत यात उतरलेल्या १ कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे घालवले, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. पुढच्या वर्षीही ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले. यातले ७२ टक्क्यांहून जास्त लोक पहिल्या ३० मोठ्या शहरांच्या बाहेरचे, म्हणजे आपल्यासारख्या गावांचे. तीन चतुर्थांश लोकांचं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत. आणि फायदा कोणाला? बड्या दलाली पेढ्या आणि परदेशी संस्थांना, ज्यांचे सौदे माणूस करतच नाही, कॉम्प्युटर करतो.

तेलाच्या बाबतीत तर आपल्या देशानं एक रात्र अशी पाहिली आहे की ती विसरू नये. २० एप्रिल २०२०. लॉकडाउनमुळे आपला कमोडिटी बाजार संध्याकाळी पाचलाच बंद होत होता. त्या दिवशी तो बंद झाला तेव्हा कच्च्या तेलाचा भाव बॅरलला हजार रुपयांच्या जवळपास होता. 'इतकं स्वस्त तेल परत मिळणार नाही' म्हणून अनेकांनी घेऊन ठेवलं. रात्री अमेरिकेत तेल साठवायला जागा उरली नाही आणि भाव शून्याच्या खाली गेला. आपल्या बाजारानं हिशेब केला उणे २,८८४ रुपयांनी. शंभर बॅरलचा एक सौदा ज्यानं धरला होता, त्यानं घातलेले तर गेलेच, वर २ लाख ८८ हजार देणं झालं. बाजार बंद, त्यामुळे सुटायला दारही नव्हतं.

वऱ्हाडातल्या माणसाला खरं तर हा खेळ नवीन नाही. आपण कापूस पिकवणारे लोक. मुंबईत मटका सुरू झाला तो कापसातूनच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होता भाव यायचा आणि लोक त्या आकड्यावर पैसे लावायचे. बोंडही कोणी हातात घेत नव्हतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे भाव येणं बंद झालं, तर लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा चालूच ठेवला! म्हणजे कापूस हे नुसतं निमित्त होतं. आज ती जागा तेलानं घेतली आहे. फरक एवढाच की पूर्वी आकडा लावणारा माणूस तोंड लपवून जायचा. आता तोच मुलगा चार मित्रांत बसून 'ट्रेडर आहे' म्हणून सांगतो.

आपल्या मोहल्ल्यात यावर एक प्रश्न हमखास येतो: 'सर, कंपनी शरिया यादीत आहे, मग काय हरकत?' फतवा देणं आमचं काम नाही, ते उलमांना विचारावं. पण एवढं समजायला मदरशात जावं लागत नाही की यादी कंपनीचा धंदा आणि कर्ज तपासते, तुमच्या सौद्याची पद्धत नाही. दुकान हलाल असलं म्हणून त्याच्या ओट्यावर बसून पत्ते कुटणं हलाल होत नाही. फिकहच्या किताबांत 'गरर', म्हणजे ज्याचा काही भरवसा नाही अशा सौद्याचं, नेहमीचं उदाहरण कोणतं आहे? पाण्यातला मासा पकडण्याआधीच विकणं. बुजुर्गांनी हे कधीच सांगून ठेवलं आहे, आपण मात्र समुद्राच्या तळाखालच्या वायूचा महिन्याभराचा आकडा लावतो आहोत. आणि 'हलाल' शब्द ऐकून डोळे मिटले की काय होतं, हे २०१९ मध्ये बंगळुरूच्या आयएमए प्रकरणात हजारो मुस्लिम घरांनी भोगलं आहे.

मग करावं काय? ज्याला तेल कंपनीत पैसा घालायचाच आहे त्यानं शेअर घ्यावा, इसार नाही. पाच-सात वर्षं लागणार नाही तेवढाच पैसा घालावा. बियाण्याचा, फीचा, हजचा, औषधाचा पैसा त्यात नको, उसना तर अजिबात नको. सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत दिसतं. फसवणूक झाली असेल तर तिथेच 'स्कोअर्स'वर तक्रार करता येते. आणि 'सापडलं' अशी बातमी आली की चार प्रश्न विचारावेत: साठा मोजला का? काढणं परवडणार आहे, असं कंपनीनं लेखी सांगितलं का? उत्पादन कोणत्या वर्षी? आणि तोपर्यंतचा खर्च कोण करणार?

आम्ही मास्तर लोकही यात दोषी आहोत. सरळव्याज, चक्रवाढ व्याज फळ्यावर शिकवलं, पण ज्या मोबाइलवर पोरगा रोज पैसे लावतो त्याचं गणित वर्गात कधी घेतलं नाही. ते आता घ्यायचं ठरवलं आहे. त्या विद्यार्थ्यालाही आम्ही एवढंच म्हटलं, बेटा, आधी अब्बांना सांग. चाळीस हजार गेले ते गेले, पण लपवून ठेवलेस तर भरून काढायला परत खेळशील. तो मान खाली घालून बसला होता. जाताना म्हणाला, "सर, आप साथ चलोगे?"

येत्या जुम्याला आम्ही त्याच्यासोबत जाणार आहोत.