वजाबाकीत हरवलेली वर्षे

चंद्रपूरहून एसटीने निघालो, मूल आणि सावली मागे टाकली, वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली येते. पहाटेची गाडी असेल तर रस्त्याच्या कडेने धावणारी मुले हमखास दिसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी नुसताच थोरल्या भावाच्या मागे धावत असतो. पूर्वी ही मुले पाहून मला बरे वाटायचे. आता छातीत धस्स होते. ७ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ, अशाच फिरायला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडले. त्यांपैकी चार मुले गेली.

चार मुले म्हणजे किती आयुष्य गेले? स्वातंत्र्याच्या वेळी जेमतेम ३२ वर्षे असलेले भारतीयांचे सरासरी आयुर्मान आज सत्तरीला पोचले आहे. महाराष्ट्राचे तर बहात्तरच्या पुढे आहे. पंधरा वर्षांच्या आसपासच्या या चौघांची मिळून दोनशेहून अधिक वर्षे त्या एका क्षणात पुसली गेली.

सरासरीचा हिशेब असाच निष्ठुर असतो. शंभर माणसांचे एक गाव धरा. सगळे सत्तर वर्षे जगले तर सरासरी सत्तर. त्यांतले दोघे विसाव्या वर्षी गेले की सरासरी एका वर्षाने खाली येते. तेवढीच घट व्हायला वीस म्हाताऱ्यांना पाच-पाच वर्षे आधी मरावे लागेल. अपघात आणि हिंसाचार माणसे मारतात थोडी, पण वर्षे गिळतात फार, कारण त्यांची भूक तरुणांवर असते. मेक्सिकोत २००० ते २०१० या दशकात आयुर्मानाची वाढ खुंटली, ती मुख्यतः वाढत्या हत्यांमुळे.

आमच्या भागाला हे समजायला मेक्सिकोपर्यंत जायला नको. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासूनच त्याच्या वाट्याला बंदूक आली. एकट्या २००९ साली मरकेगाव येथे १५, हत्तीगोटा येथे १६ आणि लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. २०१९ च्या महाराष्ट्रदिनी जांभुळखेड्याच्या भूसुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक यांचा बळी घेतला. खबरी ठरवून मारलेले आदिवासी वेगळे. ज्यांनी बंदूक घेतली तेही याच जंगलातले तरुण होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा अनेक घरांनी सुटकेचा श्वास सोडला असेल.

पण बंदूक शांत होत असताना रस्ता मात्र गर्जू लागला आहे. चंद्रपूरकडे कोळशाचे ट्रक, एटापल्ली-आलापल्लीकडे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, आणि त्यांच्यामधून वाट काढणारी दुचाकी. देशात २०२२ साली २८,५२२ खून झाले, तर रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. खुनांच्या जवळजवळ सहापट! त्यांतील दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस वयाची, म्हणजे घर चालवणारी माणसे. खुनाला आपण गुन्हा म्हणतो, रस्त्यावरच्या मृत्यूला नशीब म्हणून मोकळे होतो.

रॉबर्ट ओस्फेल्ट आणि जॉन श्नायडर या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली एक हिशेब मांडला. अपघात आणि खून बाजूला काढले तर आयुर्मानात अमेरिका जगात पहिली ठरते, म्हणजे तिथल्या आरोग्यसेवेत खोट नाही, असा त्याचा अर्थ काढला गेला. त्यावर पुष्कळ वाद झाला. मला ही वजाबाकी मुळातच पटत नाही. काटलीच्या दोन जखमी मुलांना उपचारासाठी हेलिकॉप्टरने नागपूरला न्यावे लागले. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे १८० किलोमीटर, आणि पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की तोही रस्ता बंद. नागपुरात जी जखम बरी होते, ती इथे वाटेतच जीव घेते. मग हा मृत्यू अपघाताच्या खात्यात लिहायचा की आरोग्यसेवेच्या? अपघात वजा करता येतो, तो ज्यांना रुग्णालय जवळ आहे त्यांना.

आणि याच जिल्ह्याने जगाला बेरीजही शिकवली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली. नव्वदच्या दशकात, तीनच वर्षांत, हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर २५ च्या आसपास आला. पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर गेली. एक बाळ वाचले की हिशेबात सत्तर वर्षे जमा होतात.

ती जमा पुढे सांभाळायची कोणी? गावाजवळ रस्त्याला पायवाट, पहाटे आणि शाळेच्या वेळी जड वाहनांना बंदी, तालुक्याच्या रुग्णालयात रक्त आणि शल्यचिकित्सक, दुचाकीस्वाराच्या डोक्यावर हेल्मेट. यांतले काहीच अवघड शास्त्र नाही. पाळण्यात वाचवलेले पोर सोळाव्या वर्षी रस्त्याच्या कडेला गमवायचे, तर आपण त्याला कशासाठी वाचवले, हे त्याच्या आईला सांगायची हिंमत आपल्यापैकी कोणात आहे?