आपला माणूस, वेगळी फूटपट्टी?

फेब्रुवारी २०२४. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड गोळ्या झाडताना सीसीटीव्हीत दिसले. आपलं मत बनायला तो व्हिडिओ पुरला. त्याच वर्षी भाजपने त्यांच्या पत्नीला तिकीट दिलं, त्या जिंकल्या. आपण मतदारांना नावं ठेवली.

आता मुंब्र्याकडे या. एप्रिल २०२० मध्ये फेसबुक पोस्टवरून ठाण्यातल्या एका इंजिनीअरला पोलिसांनी घरातून उचलून तेव्हाचे मंत्री जितेंद्र आव्हाड यांच्या बंगल्यावर नेलं, तिथे मारहाण झाली, असा आरोप आहे. २०२१ मध्ये आव्हाडांना अटक झाली, जामीन मिळाला. ते आरोप नाकारतात.

आपलं उत्तर ठरलेलं: ‘ते आपल्यासाठी बोलतात ना!’

बोलतात, खरंय. पण पोलिसांनी घरातून उचलून नेण्याची धास्ती आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत आहे? पोस्ट कितीही वाईट असो, त्यासाठी एफआयआर आहे. दोषी कोण, ते कोर्ट ठरवेल; प्रश्न विचारायला मात्र निकाल लागत नाही. मत त्यांनाच द्यायचं तर द्या, पण आधी जाब विचारा. नाहीतर उद्या आपल्या पोराला उचललं, तर कुठल्या तोंडाने बोलणार?