लेखनिकांच्या शाळेतला शेतकरी

जागतिक वाङ्मयाचा परिचय करून देताना आपण प्राचीन इजिप्तला फार तर एक तास देतो, आणि तो तास पिरॅमिड, ममी व 'मृतांचे पुस्तक' यांतच खर्ची पडतो. इजिप्शियन माणूस केवळ मरणोत्तर प्रवासासाठीच लिहीत होता की काय, असा विद्यार्थ्याचा समज व्हावा इतके हे चित्र एकांगी आहे. प्रत्यक्षात इ.स.पू. २००० नंतरच्या शतकांत, म्हणजे ज्याला 'मध्य राज्य' म्हणतात त्या काळात, तेथे कथा होत्या, पित्याने पुत्राला केलेले उपदेश होते, उलथापालथ झालेल्या जगाविषयीचे विलाप होते, जगण्याला विटलेल्या एका माणसाने स्वतःच्या आत्म्याशी घातलेला वाद होता. पुढे नव राज्यात प्रेमगीतेही आली. १८२२ मध्ये शाँपोलियोंने लिपीचा उलगडा केल्यानंतर हे सारे हळूहळू वाचता येऊ लागले.

या वाङ्मयाचे त्या समाजात स्थान कोणते, या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे दिली जातात. ते लोकजीवनाचा आरसा होते, हे एक. ते राजसत्तेचे प्रचारसाहित्य होते, हे दुसरे. पहिल्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. जॉन बेन्स आणि ख्रिस्तोफर एअर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जुन्या राज्यात साक्षरांचे प्रमाण शंभरात एक इतकेच होते. ज्या समाजात नव्याण्णव माणसांना लिहिता येत नाही, त्याच्या लिखित साहित्याला लोकांचा आरसा म्हणणे भाबडेपणाचे आहे. दुसरे उत्तर वजनदार आहे. जॉर्ज पोझनेर यांनी १९५६ मधील आपल्या ग्रंथात बाराव्या राजवंशाच्या काळातील साहित्याचा राजकारणाशी असलेला संबंध दाखवून दिला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे अभ्यासकांना जिथे तिथे प्रचारच दिसू लागला.

मला वाटते, हे वाङ्मय प्रत्यक्षात नांदले ते दरबारापेक्षा शाळेत, निदान त्याचा टिकलेला पुरावा तरी तसेच सांगतो. एकदा हे मान्य केले की साहित्य शिकवून पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना काही गैरसोयीच्या प्रश्नांना सामोरे जावे लागते.

ही शाळा लेखनिकांची. इजिप्शियन भाषेत लेखनिकाला 'सेश' म्हणत, पण आपल्या मनातील 'लेखक' हा शब्द तेथे लावू नये. धान्याची मोजदाद, कराची नोंद, मजुरांची हजेरी, पत्रव्यवहार हे सारे त्याच्याकडे. 'कारकून' किंवा 'चिटणीस' म्हटले तर अर्थाच्या अधिक जवळ जाता येते. या कारकुनाला घडवताना विद्यार्थ्यांकडून उतारे उतरवून घेतले जात. आरंभी 'केमित' नावाचे, उभ्या स्तंभांत लिहिलेले पाठ्यपुस्तक. मग अभिजात संहिता. पपायरस महाग, म्हणून सराव खापऱ्यांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर. राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत, आज देर-अल-मदिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, अशा खापऱ्या हजारोंनी सापडल्या. काहींवर चरणांच्या शेवटी तांबड्या शाईचे ठिपके आहेत. इ.स.पू. तेराव्या-बाराव्या शतकांतली ही मुले त्यांच्यापूर्वी सहा-सातशे वर्षे रचलेल्या, बोलण्यातून केव्हाच गेलेल्या भाषेतल्या ओळी गिरवीत होती. त्यांच्या चुका पाहिल्या की वाचलेले त्यांना कळत नव्हते याविषयी शंका राहत नाही.

ही मुले काय गिरवीत होती? सर्वांत जास्त प्रती ज्या रचनांच्या मिळतात त्यांत 'खेतीची शिकवण' येते. पाश्चात्त्य अभ्यासक तिला 'व्यवसायांचा उपहास' म्हणतात. खेती नावाचा बाप आपला मुलगा पेपी याला नावेतून राजधानीतल्या लेखनशाळेत घालायला निघाला आहे, आणि वाटेत तो एकेका धंद्याची टर उडवतो. लोहाराची बोटे मगरीच्या कातड्यासारखी, कुंभार चिखलात बरबटलेला, विणकर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, धोबी मगरींच्या शेजारी कपडे धुणारा. लेखनिक तेवढा सुखी, कारण त्याच्या डोक्यावर कोणी मुकादम नाही. आता देर-अल-मदिनातील मुलांचे बाप कोण होते ते आठवावे. पाथरवट, गिलावा करणारे, चित्रे रंगवणारे. आपल्या बापाच्या हातांची कुचेष्टा ती मुले सुंदर अक्षरात उतरवून काढीत होती. शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या घरातून आलेली मुले समोर बसलेली असताना वर्गात शिकवणाऱ्याला या चित्रात काही अनोळखी वाटेल असे मला वाटत नाही.

येथे त्या शेतकऱ्याकडे वळायला हवे. 'वाक्पटू शेतकरी' ही मध्य राज्यातील रचना. शेतकरी हा शब्द रूढ झाला आहे म्हणून वापरायचा. खरे तर खुन-अनुप हा वादी-नत्रून या वाळवंटी खोलगट भागातला रहिवासी, गाढवांवर मीठ, बोरू असा रानमाल लादून धान्यासाठी खाली खोऱ्यात उतरलेला. वाटेत नेम्तीनख्त नावाचा एक लहानसा अधिकारी त्याला अडवतो. पाणी आणि जवाचे शेत यांमधल्या अरुंद वाटेवर तो कापड पसरून ठेवतो. कापडावर पाय द्यायचा नाही, तर शेताच्या कडेने जावे लागते. एक गाढव जवाचा घास घेते, आणि या घासापायी गाढवे आणि माल जप्त होतात, वर मार मिळतो. खुन-अनुप वरिष्ठ कारभारी रेन्सी याच्याकडे दाद मागतो, आणि तो जे बोलतो ते इतके देखणे असते की रेन्सी राजाला जाऊन सांगतो : असा एक बोलणारा सापडला आहे. राजाची आज्ञा अशी, की त्याला उत्तर देऊ नका, म्हणजे तो बोलत राहील. तो बोलेल ते लिहून घ्या. त्याच्या बायकामुलांना धान्य पोहोचवा, त्यालाही अन्न मिळू दे, मात्र ते कोणाकडून येते हे त्याला कळू देऊ नका.

असे नऊ अर्ज होतात. तिसऱ्यानंतर त्याला चाबकाने झोडपले जाते. न्याय म्हणजे तराजू, न्याय म्हणजे नावेचे सुकाणू, अशी रूपके तो एकामागून एक रचतो आणि हळूहळू आर्जव सोडून थेट रेन्सीलाच चोर ठरवतो. शेवटी सारे भाषण एका कोऱ्या गुंडाळीतून त्याला वाचून दाखवले जाते, राजा तृप्त होतो आणि नेम्तीनख्तची मालमत्ता खुन-अनुपला मिळते.

शेवट गोड आहे म्हणून ही कथा सत्तेची भलामण करते, असे म्हणता येईल. न्याय उशिरा का होईना पण वरूनच येतो, हा निष्कर्ष कोणत्याही राजाला आवडण्याजोगा. तरी मधली रचना पाहावी. खुन-अनुपचे दुःख लांबवले जाते ते केवळ त्याच्या बोलण्याचा आस्वाद घेता यावा म्हणून. त्या अर्जांचा एकेक शब्द टिपणारा लेखनिक, ते ऐकणारा राजा आणि चार हजार वर्षांनी त्यातील प्रतिमासृष्टीचे कौतुक करणारे आपण, असे सगळे एकाच बाकावर बसलेलो आहोत. अन्यायाची तक्रार साहित्य म्हणून छान आहे असे म्हणताना नेमके काय घडते, हे इतक्या निर्दयपणे दाखवणारी दुसरी प्राचीन कथा मला माहीत नाही. रिचर्ड पार्किन्सन यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात मध्य राज्याच्या काव्यातील मतभेदाच्या या जागा तपशिलाने दाखवल्या आहेत, आणि पोझनेर यांच्या तुलनेत मला ती बाजू अधिक पटते. कारकुनांच्या वर्गाने आपल्याच वर्गाविरुद्ध लिहिलेली ही फिर्याद आहे. तिचा कर्ता कोण हे कळत नाही.

पण मग तिचे काय झाले? 'खेतीच्या शिकवणी'चे पुरावे शंभराहून अधिक आहेत. खुन-अनुपच्या कथेच्या हस्तलिखित प्रती चार, चारही मध्य राज्याच्या काळातल्या, आणि त्यांतल्या दोन एकाच संग्रहातून आलेल्या. तिसरी थीब्जच्या पश्चिम तीरावर, पुढे जेथे रामेसियम मंदिर उभे राहिले तेथील एका थडग्यात, लाकडी पेटीत सापडली; त्या गुंडाळीच्या पाठच्या बाजूला सिनुहेची कथा आहे. हे आकडे जपून वापरावेत. खापरी टिकते, पपायरस कुजतो, आणि खापऱ्यांचा बहुतांश साठा एकाच वस्तीतला आहे. ही पुस्ती जोडूनही एक गोष्ट उरते. त्याच गुंडाळीच्या पाठीवरचा सिनुहे नव राज्याच्या शाळेत भरपूर उतरवला गेला. पोटावरचा खुन-अनुप जवळजवळ नाही. सिनुहे परदेशी पळतो, मोठा होतो आणि म्हातारपणी राजाच्या पायाशी परततो. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना कोणता नायक सोयीचा, हे सांगायला नको.

बरे, प्रत्यक्ष दाद मागणारे त्या वस्तीत नव्हते असे नाही. तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या २९ व्या वर्षी धान्य थकले म्हणून कारागीर काम टाकून देवळाच्या मागे जाऊन बसले. भुकेने आणि तहानेने आम्ही येथवर आलो, फेरोला कळवा, असे त्यांचे म्हणणे. ही नोंद आज तुरिनला असलेल्या पपायरसावर आहे आणि ती वस्तीचा लेखनिक अमेन्नख्त याची मानली जाते. याच अमेन्नख्तच्या नावावर एक 'शिकवण'ही आहे. ती रूढ वळणाची आहे. शिष्याने ऐकावे, लेखनिक व्हावे, असे सांगणारी. भुकेची नोंद दफ्तरात गेली आणि उपदेश शाळेत.

त्याच काळातल्या चेस्टर बीटी संग्रहातील चौथ्या पपायरसात जुन्या ग्रंथकर्त्यांची नावे घेऊन म्हटले आहे, की त्यांची थडगी ढासळली, पण पुस्तकांमुळे ते उरले. लेखनाच्या अमरत्वाचा हा दाखला आपण साहित्यिक समारंभांतून आनंदाने द्यावा असाच आहे. मात्र त्या यादीत खेती आहे. शाळेत लावलेला माणूस अमर होतो, इतके तरी तीतून दिसतेच.

खुन-अनुपचा आणखी एक माग लागतो. शिकागोत जतन केलेल्या एका चुनखडीच्या तुकड्यावर देर-अल-मदिनातील मेन्ना नावाच्या माणसाने आपल्या भरकटलेल्या मुलाला उद्देशून लिहिले आहे. घर सोडून गेलेल्या पोराची कानउघाडणी करताना त्याच्या बोरूतून जुन्या कथांच्या ओळी उतरल्या : काही जहाज फुटलेल्या खलाशाच्या गोष्टीतल्या, आणि काही वाटेत लुबाडल्या गेलेल्या त्या शेतकऱ्याच्या. त्या त्याला कोणी शिकवल्या असतील?